आखाजीला माहेरी आलेय, रिमूव्हर जवळ नाही; नखांवरची जुनी नेलपॉलिश घरच्या घरी कशी काढू?

घरात असेल ती कुठलीही नेलपॉलिश जुन्या थरावर जाडसर लावा आणि सुकायच्या आत, पाच-दहा सेकंदांतच, कापसाने दाबून पुसा. ओल्या पॉलिशमध्ये इथाइल आणि ब्युटाइल अ‍ॅसिटेट ही द्रावकं असतात; रिमूव्हरमध्येही अ‍ॅसिटोन किंवा इथाइल अ‍ॅसिटेटच असतं, म्हणून वाळलेला थर पुन्हा विरघळतो. गडद लाल असेल तर दोन-तीनदा करावं लागेल. खान्देशातल्या या उन्हात पॉलिश फार लवकर वाळते, तेव्हा पंखा बंद ठेवून एकेकच नख घ्या. कळण्याच्या भाकरी चालू असतील तर चुलीपासून लांब बसा, हे पटकन पेट घेतं. ब्लेडने मात्र अजिबात खरवडू नका, नखाचे पापुद्रे निघतात. जेल पॉलिश असेल तर हा उपाय चालणार नाही. तिला अ‍ॅसिटोनच लागतं.