मराले टाईम नही! बॉण्डच्या पुढच्या सिनेमाला नाव काय द्यावं?

प्रश्न : नाना, आम्ही अमळनेरचे पाच मित्र, संध्याकाळी टपरीवर जमतो. बॉण्डचा पुढचा सिनेमा दिग्दर्शक डेनी विलनव्ह करणार हे २०२५ मध्ये कळलं तेव्हापासून आमचा एकच वाद चालूय की नाव काय असावं. आमची यादी अशी : 'डेथ नेव्हर स्लीप्स', 'ऑपरेशन ब्लॅक मून', 'ब्लडी शॅडो', 'लायसन्स टू रिव्हेंज'. एक जण म्हणतो सरळ '००७' ठेवा आणि विषय संपवा. तुम्ही खरं खरं सांगा, कोणतं चालेल?

उत्तर : पोरांनो, खरं सांगायचं तर यातलं एकही मला पटलं नाही, पण तुमचा वाद मला मनापासून आवडला कारण मी स्वतः या नावांवर जीव टाकणारा माणूस आहे, त्यामुळे उत्तर जरा लांबेल.

तुम्ही काय केलं, रक्त, सावली, मृत्यू, काळं असे भीतीचे शब्द गोळा केले आणि एकमेकांना जोडले. असं नाव कुठल्याही मारधाडीच्या सिनेमाला बसतं, बॉण्डचंच का म्हणायचं? बॉण्डच्या चांगल्या नावात भीतीचा शब्द असलाच तर तो एखाद्या रोजच्या बोलण्यात लपलेला असतो. आपल्याकडे भिंतीभिंतीवर रंगवलेलं असतं ना, 'जगा आणि जगू द्या', तसंच इंग्रजीतही म्हणतात. बॉण्डच्या मूळ गोष्टी लिहिणाऱ्या इयान फ्लेमिंगने १९५४ च्या कादंबरीत त्यातला फक्त शेवटचा शब्द बदलला, 'लिव्ह अँड लेट डाय', म्हणजे जगा आणि मरू द्या. एक शब्द बदलला आणि अंगावर काटा! तसंच 'यू ओन्ली लिव्ह ट्वाइस', लोक म्हणतात आयुष्य एकदाच मिळतं, हा म्हणतो दोनदा. 'फॉर युअर आईज ओन्ली' तर गुप्त कागदावर मारायचा शेरा आहे, फक्त तुम्हीच वाचा असा, तो जसाच्या तसा उचलला.

आणि २०२१ चं घ्या, पंचविसावा सिनेमा, 'नो टाइम टू डाय'. मी जळगावात पोस्टर पाहिलं आणि पहिल्यांदा काय आठवलं माहितेय, आमच्या शेतातला कापूस. वेचणीच्या दिवसात कुणाला विचारा काय चाललंय, तर उत्तर ठरलेलं, 'मराले बी टाईम नही भो!' अगदी हेच शब्द. इंग्रजीत अर्थाची छटा वेगळी आहे, मला मान्य आहे, पण जे नाव ऐकताच आपल्या गावच्या माणसाचा आवाज कानात येतो ते नाव टिकतं, हे मी छातीठोक सांगतो.

आता '००७' का नको? कारण तो आकडा तर सगळ्याच सिनेमांचा आहे, मग या एकाचं वेगळं काय राहिलं. घरातल्या सगळ्या पोरांना आडनावानेच हाक मारल्यासारखं होईल ते.

प्रश्न : फ्लेमिंगच्या पुस्तकांची नावं संपली म्हणून नवीन शोधावी लागतात असं ऐकलं, खरंय का? – एक वाचक, भुसावळ

उत्तर : कादंबऱ्यांची संपली, कथांची नाही! त्याच्या बारा कादंबऱ्या आणि दोन कथासंग्रह. बाराही कादंबऱ्यांची नावं सिनेमांना लागून गेली, पण कथांपैकी चार अजून शिल्लक आहेत : 'रिसिको', 'द हिल्डेब्रँड रॅरिटी', 'द प्रॉपर्टी ऑफ अ लेडी' आणि '००७ इन न्यूयॉर्क'. त्यातले प्रसंग इकडेतिकडे वापरून झालेत, नावं तशीच पडून आहेत. २००८ मध्ये 'क्वांटम ऑफ सोलेस' हे असंच एका कथेचं नाव उचललं होतं, तेव्हा लोकांनी नाकं मुरडली, अर्थ कळेना म्हणून. पण कथेत तो अर्थ फार सुंदर आहे, दोन माणसांत निदान एवढी तरी माया, एवढा तरी दिलासा उरला पाहिजे, तो कण संपला की नातं संपलं. मला ते नाव आजही प्रिय आहे.

'रिसिको' म्हणजे काय तर इंग्रजी 'रिस्क', पण इटालियन माणसाच्या तोंडून निघालेला. आपण खान्देशी लोक स्टेशनला टेसन म्हणतो ना, तशी गंमत. पण पोस्टरवर ते बिस्किटाचं नाव वाटेल, म्हणून माझं मत त्याला नाही. हिल्डेब्रँड हा एक दुर्मिळ मासा, तेही राहू द्या.

माझं मत 'द प्रॉपर्टी ऑफ अ लेडी'ला. लिलावात वस्तू विकणाऱ्या बाईला नाव सांगायचं नसेल तर कॅटलॉगमध्ये एवढंच छापतात, एका महिलेची मालमत्ता. बघा, त्यात बंदूक नाही, रक्त नाही, तरी डोक्यात प्रश्न सुरू झाले की नाही, कोण बाई, कोणती वस्तू, नाव का लपवलं? गुप्तहेराच्या गोष्टीला याच्यापेक्षा जास्त काय पाहिजे! ही कथा, म्हणजे तो लिलाव, १९८३ च्या 'ऑक्टोपसी'त येऊन गेलाय, तोच उदयपूरवाला, आपला टेनिसवाला विजय अमृतराज होता त्यात. म्हणून काही लोक म्हणतील शिळं झालं. मला नाही वाटत, नाव तर कोरंच आहे, त्याखाली गोष्ट पूर्ण नवी लिहा.

प्रश्न : 'टुमॉरो नेव्हर डाइज' या नावाचा अर्थच लागत नाही, उद्या कसा मरेल? – एक शिक्षिका, धुळे

उत्तर : ताई, तुमची शंका रास्त आहे. मूळ नाव 'टुमॉरो नेव्हर लाइज' होतं, १९९७ च्या त्या सिनेमात खलनायकाच्या पेपरचं नाव 'टुमॉरो', म्हणजे आमचा पेपर कधी खोटं बोलत नाही असा अर्थ. टायपिंगच्या चुकीने एका अक्षराचा फरक झाला आणि तेच सगळ्यांना आवडलं असं सांगतात. मला मात्र मूळचंच जास्त आवडतं, कारण तो माणूस बातम्या स्वतः घडवून छापत असतो, म्हणजे नावातच त्याची लबाडी होती.

प्रश्न : नाना, मराठीत अशी हेरांची सिरीज निघाली तर पहिल्या भागाला तुम्ही काय नाव द्याल? – एक वाचक, शहादा

उत्तर : मी याचीच वाट बघत होतो! बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड घराघरात पोचले, तेव्हा वाचक आपल्याकडे होता आणि आजही आहे. आणि बहिर्जी नाईकांसारखा हेर ज्या मातीत झाला तिथे इंग्रजी नावाची उसनवारी कशाला? शब्द तर किती आहेत, जासूद, नजरबाज, हरकारा. 'नजरबाज' हे एकच नाव पोस्टरवर टाका, बघा कसं उठून दिसतं.

पण पहिल्या भागाला मी बोलण्यातलं घेईन. माझी आजी काही गुपित सांगायचं असलं की दार लोटून घ्यायची आणि म्हणायची, या कानाचं त्या कानाला कळता कामा नये. मी नाव ठेवीन 'त्या कानाला नाही'. अर्धंच वाक्य, पुढचं प्रेक्षक मनात पूर्ण करेल. अमळनेरच्या पोरांनो, तुमच्या टपरीवर आता याच्यावर वाद घाला, आणि पुढच्या यादीत निदान एक नाव तरी तुमच्या आजीच्या तोंडचं पाठवा.