पुण्याहून मित्रांसोबत हर्णैला बोटीने फिरायला जातोय, पहिल्या दिवसाचं नियोजन कसं करावं?

शनिवारी पहाटे निघायचं, दुपारी समुद्रातला सुवर्णदुर्ग किल्ला, संध्याकाळी डॉल्फिन, असा तुमचा बेत दिसतोय. अगदी हाच बेत आम्ही पाच जणांनी कोथरूडच्या एका चहाच्या टपरीवर आखला होता. पहिल्या दिवशी आमच्यापैकी एकाचाही पाय बोटीला लागला नाही.

सहाला निघणार होतो, निघालो साडेआठला. ('पाच मिनिटांत खाली येतो' म्हणणारा एक जण तुमच्यातही असेलच.) ताम्हिणीत चहा-भजी, माणगावला वाहनांची रांग, असं करत हर्णैला पोचेपर्यंत चार वाजले. बोट फोनवरून आधीच ठरवली होती. तांडेलकाकांनी (तांडेल म्हणजे बोट चालवणारा) एकदा आमच्याकडे पाहिलं, एकदा पाण्याकडे. म्हणाले, "आता न्हेईन ओ तुम्हाला, पण परत आणू कसा? सातपर्यंत सुकती आहे."

सुकती म्हणजे ओहोटी. डिसेंबरातली पौर्णिमा आदल्याच दिवशी झाली होती, म्हणजे उधाणाचे दिवस. अशा वेळी पाणी जितकं वर चढतं तितकंच लांब मागे जातं, आणि काठाजवळ बोट रुतते. आम्ही बापुडे हवामानाचं ॲप बघून आलो होतो.

"पुण्यात भिंतीवर कालनिर्णय नाय लावत काय?" असं म्हणून काकांनी जो हिशेब शिकवला, तोच तुम्हाला देतो. तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बारा. त्यानंतर सहा-सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. आमची होती प्रतिपदा, म्हणजे पाऊण वाजता भरती येऊन गेलेली. मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण बेत आखायला पुरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, तेव्हा पाण्याची चढउतार कमी असते.

म्हणून पहिल्या दिवशी समुद्रात जायचा हट्टच धरू नका. पुण्याहून पाच-सहा तास गाडीत बसून, वर घाटातली वळणं खाऊन लगेच बोटीत चढलात, तर निम्मे जण उलट्या करतील. शिवाय दुपारी खारा वारा सुटतो आणि लाटा वाढतात. सकाळचं पाणी त्या मानाने शांत असतं, डॉल्फिनही तेव्हाच बघायला जावं.

आमची ती संध्याकाळ मात्र फुकट गेली नाही. बंदरावर मासळीचा लिलाव चालू होता. वाळूवर पापलेट-सुरमईचे वाटे आणि बोलीचा असा वेग की आकडा कळेपर्यंत माल उचललेला. आमच्यातल्या एकाने मंडईतल्यासारखी घासाघीस करायला तोंड उघडलं आणि मावशींनी त्याला जे सुनावलं, ते इथे लिहिता येणार नाही. सुरमई घेतली, आम्ही उतरलो होतो त्या घरच्या काकूंनी तळून दिली.

दुसऱ्या दिवशी द्वितीया, भरती दीडला. साडेदहाला निघालो, चढत्या पाण्यावर पंधरा-वीस मिनिटांत किल्ल्याशी. उतरताना गुडघाभर पाणी होतं, त्यामुळे बूट नकोत, चपला घाला. दरवाजाच्या पायरीवर कोरलेलं कासव आणि भिंतीतला मारुती चुकवू नका. जुलै 2025 मध्ये युनेस्कोने ज्या 12 मराठा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हटलं, त्यांत हाही आहे, पण वर दुकान-टपरी काही नाही. पिण्याचं पाणी घेऊन जा. लाइफ जॅकेट सगळ्यांना मिळाल्याशिवाय बोट सोडू देऊ नका, आणि पावसाळ्यात तर हा बेतच नको.

तुमचा शनिवार कुठल्या तिथीला येतोय ते आधी बघा, मग तांडेलला फोन करा.