ऑनलाइन डॉक्टरांच्या रिव्ह्यूवर कितपत विसंबायचं?

प्रश्न: आई नाशिकला सिडकोत असते, मी पुण्यात. तिच्या शुगर-बीपीसाठी ॲपवरून व्हिडिओ कन्सल्टेशन घ्यायचा विचार आहे. एका डॉक्टरांना ४.९ रेटिंग आहे, दुसऱ्यांना ४.३. हे रिव्ह्यू कितपत खरे धरायचे?

उत्तर: डॉक्टर वेळेवर येतात का, नीट बोलतात का, कॉल तुटला तर पैसे परत मिळतात का, एवढ्यापुरते धरा. औषधोपचार बरोबर होता की नाही, हे रिव्ह्यूवरून कळत नाही. उलट व्हिडिओवर तपासणाऱ्या चांगल्या डॉक्टरांचे स्टार काही वेळा चांगलं काम केल्यामुळेच कमी होतात.

रिव्ह्यू मागतात कधी ते बघा. कॉल संपला की लगेच मोबाइलवर मेसेज येतो. तेव्हा गोळ्या मेडिकलमधून आणलेल्याही नसतात. शुगरचं औषध बदललं तर एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणाऱ्या) तपासणीत त्याचा परिणाम पुरता दिसायला तीनेक महिने लागतात. तीन महिन्यांनी परत येऊन स्टार बदलणारा पेशंट विरळा. 'व्हेरिफाइड पेशंट' ही खूणही एवढंच सांगते की त्या खात्यावरून अपॉइंटमेंट झाली होती. गुगलवर तर तेवढीही अट नाही. शिवाय तिथलं पान बरेचदा अख्ख्या हॉस्पिटलचं असतं. गंगापूर रोडवर पार्किंग मिळालं नाही म्हणून दिलेला एक स्टार आणि व्हिडिओवर दिलेला सल्ला, दोन्हींची सरासरी एकच.

आता उलट्या गणिताबद्दल. अमेरिकेत सर्दी-खोकला, घसा अशा तक्रारींच्या सुमारे ८,४०० ऑनलाइन कन्सल्टेशनचा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. अँटिबायोटिक मिळालेल्यांपैकी सुमारे ९१ टक्के पेशंटनी पाच स्टार दिले. काहीच औषध न मिळालेल्यांत हे प्रमाण ७२ टक्क्यांच्या आसपास होतं. व्हायरल सर्दीला अँटिबायोटिकचा उपयोग नसतो, पण स्टार मिळतात चिठ्ठीला. आपल्याकडेही 'फी घेतली आणि औषधच दिलं नाही' हा सूर ओळखीचा आहे.

म्हणून मी आधी एक-दोन स्टारवाले रिव्ह्यू वाचायला सांगेन. 'प्रत्यक्ष दाखवा म्हणाले', 'आधी रिपोर्ट मागितले', 'झोपेची गोळी लिहून दिली नाही' या तक्रारी डॉक्टरांच्या जमेला धरा. याउलट 'दोन मिनिटांत फोन ठेवला', 'रिपोर्ट उघडलेच नाहीत', 'आधीची औषधं विचारली नाहीत' असं वेगवेगळ्या महिन्यांत तीन-चार जणांनी लिहिलं असेल तर ते गंभीर आहे, मग सरासरी काहीही असो.

सरासरीपेक्षा एकूण रिव्ह्यू किती, ते आधी बघा. दहापैकी नऊ जणांनी पाच आणि एकाने एक स्टार दिला की रेटिंग थेट ४.६ वर येतं. चारशे रिव्ह्यू असतील तर तोच एक स्टार जाणवतही नाही. बारा रिव्ह्यूंवरचं ४.९ आणि चारशेंवरचं ४.३ यांची तुलना करण्यात अर्थ नाही.

विकतचे रिव्ह्यू बहुधा घोळक्याने येतात. महिनोन्‌महिने शुकशुकाट, मग चार दिवसांत पंचवीस. डॉक्टरांचं पूर्ण नाव आणि 'नाशिकमधील सर्वोत्तम' हे शब्द प्रत्येकात, आजाराचा पत्ता नाही. खरा पेशंट बोलतो तो नेमकं: आवाज येत नव्हता, चिठ्ठी व्हॉट्सॲपवर उशिरा आली, गोळीने पोट बिघडलं. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानक काढलं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं. त्याच्या भरवशावर राहू नका.

स्टारपेक्षा भरवशाची गोष्ट म्हणजे नोंदणी क्रमांक. मार्च २०२० च्या केंद्राच्या टेलिमेडिसिन मार्गदर्शक सूचनांनुसार तो प्रिस्क्रिप्शनवर आणि फीच्या पावतीवर असायलाच हवा. एमबीबीएस आणि पुढच्या पदव्यांचे डॉक्टर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलच्या वेबसाइटवर शोधता येतात. बीएएमएस, बीएचएमएस यांच्या परिषदा वेगळ्या, त्यामुळे तिथे नाव दिसलं नाही म्हणून लगेच बोगस ठरवू नका.

तुमच्या आईच्या बाबतीत याच सूचनांतला आणखी एक मुद्दा महत्त्वाचा आहे. जुनाट आजाराची चालू औषधं व्हिडिओवर पुन्हा लिहून देता येतात. पण त्यांत नव्या औषधाची भर घालायची, तर त्याच आजारासाठी प्रत्यक्ष तपासणी झालेली असावी आणि कॉल हा फॉलो-अप असावा. फॉलो-अपची मुदत त्या प्रत्यक्ष तपासणीपासून सहा महिने. तेव्हा पहिल्यांदा नाशिकमध्येच एखाद्या फिजिशियनला दाखवा आणि पुढे त्यांच्याकडेच व्हिडिओ फॉलो-अप घ्या. पायाची सूज दाबून पाहणं, तळव्यांची संवेदना तपासणं, डोळ्याचा पडदा बघणं कॅमेऱ्यातून होत नाही.

कॉलआधी सात दिवस सकाळ-संध्याकाळ बीपी लिहून ठेवा. पाच मिनिटं शांत बसून, दोन रीडिंग घेऊन. उपाशीपोटीची आणि जेवणानंतर दोन तासांची शुगर, एचबीए१सी, क्रिएटिनिन (किडनीची तपासणी) यांचे रिपोर्ट आणि चालू गोळ्यांच्या पाकिटांचे फोटो जवळ असू द्या. फोटोत नाव आणि मिलिग्रॅम वाचता यायला हवं. नुसतं 'बीपीची छोटी पांढरी गोळी' म्हटलं की पलीकडे अंदाजच बांधतात.

पहिल्या कॉलमध्ये डॉक्टर स्वतःहून काय विचारतात, त्यावरून शंभर रिव्ह्यूंपेक्षा जास्त कळेल. शुगर अचानक उतरून घाम किंवा थरथर होते का, किडनीचा रिपोर्ट कधीचा, गुडघ्यांसाठी पेनकिलर चालू आहे का, हे प्रश्न यायलाच हवेत. पेनकिलरने बीपी वाढतं आणि किडनीवर ताण येतो, आणि आया ती गोळी 'औषधांत' मोजतच नाहीत. यातलं काही न विचारता गोळी वाढवून दिली, तर ती सुरू करण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांना विचारा.

चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक नसेल तर ॲपकडे लेखी तक्रार करून पैसे परत मागा, पावती आणि स्क्रीनशॉट ठेवा. दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.