पोर्शच्या दोनपैकी एक चावी हरवली. नवी शोरूममधून मागवावी की बाहेरून करून घ्यावी?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. सेकंड हँड घेतलेली २०१० ची पोर्श बॉक्स्टर. दोन चाव्यांपैकी एक महाबळेश्वरच्या सहलीत कुठेतरी पडली. शोरूमवाले आरसी, ओळखपत्र आणि पोलिसांकडचा दाखला मागतात, शिवाय चावी जर्मनीहून येईपर्यंत थांबा म्हणतात. बाजारातला एक चावीवाला मात्र तासाभरात करून देतो म्हणतो, कागदपत्रांचं नावही काढत नाही. शेवटी चावीच ना, मग इतकं थांबायचं कशाला, असं तुम्ही विचारलंय.

थांबा. मी पुण्यात युरोपियन गाड्यांचं इलेक्ट्रिकल काम करतो. चाव्यांचं कोडिंग, म्हणजे नवी चावी ओळखायला गाडीला शिकवणं, हा त्यातला रोजचा भाग आहे. त्यामुळे हे शोरूमची बाजू घेण्यासाठी सांगत नाही. तुमच्यापुढे कामं दोन आहेत: नवी चावी करणं आणि हरवलेली चावी बाद करणं. तासाभरात होतं ते फक्त पहिलं. तुमच्या बाबतीत दुसरं जास्त महत्त्वाचं आहे.

तुमच्या चावीत तीन वेगळ्या गोष्टी एकत्र बसवलेल्या आहेत. पहिली म्हणजे पातं. ते एचयू ६६ प्रकारचं आहे. ऑडी-फोक्सवॅगनला चालतं तेच, मधोमध नागमोडी खाच असलेलं. कोड असेल तर चांगल्या मशीनवर कुठेही कापून मिळतं. दुसरी म्हणजे रिमोटची बटणं. ती दार उघडतात, बंद करतात आणि त्यांना सेल लागतो. तिसरी म्हणजे प्लास्टिकच्या आत बसलेली तांदळाच्या दाण्याएवढी चिप. हिला सेल लागत नाही. तुम्ही चावी इग्निशनमध्ये घालता तेव्हा कुलपाभोवतीची तारेची वेटोळी सुमारे १२५ किलोहर्ट्झचं चुंबकीय क्षेत्र तयार करते. त्यातूनच चिपला वीज मिळते आणि ती आपली ओळख सांगते. गाडी ती ओळख आपल्या मेमरीतल्या नोंदीशी ताडून बघते. जुळली तर इंजिन सुरू होतं. नाही जुळली तर पातं कितीही अचूक कापलेलं असो, इंजिन सुरू होत नाही. यालाच इमोबिलायझर म्हणतात. युरोपात १९९८ पासून नव्या गाड्यांना तो सक्तीचा झाला, त्यामुळे तुमच्या गाडीत तो असणारच.

सोसायटीच्या वॉचमनकडे नावांची वही असते ना, तसं हे आहे. हरवलेल्या चावीचं नाव त्या वहीत अजून आहे. ती ज्याला सापडेल त्याच्यासाठी तुमची गाडी आजही सुरू होते.

आता तासाभरात चावी करून देणारा काय करतो ते बघा. बहुतेक वेळा तो तुमच्याकडे उरलेल्या चावीतली चिप वाचून हुबेहूब नक्कल दुसऱ्या चिपवर उतरवतो. आमच्या भाषेत क्लोन. गाडीच्या दृष्टीने त्या दोन चाव्या एकच असतात, कारण नवी नोंद झालेलीच नसते. म्हणजे महाबळेश्वरला पडलेली चावी जशीच्या तशी चालू राहिली. शिवाय तुमच्या चिपचा डेटा त्या माणसाच्या लॅपटॉपमध्ये राहिला. तो माणूस सज्जन असेलही. पण ज्याने तुमच्याकडे आरसी मागितली नाही, तो उद्या तुमची चावी सापडलेल्या माणसाकडेही मागणार नाही. कागद मागणं हा तुम्हाला जाच वाटतोय, पण ती विचारपूस तुमच्याच गाडीसाठी चाललेली असते.

हा धोका कल्पनेतला नाही. तुमच्या काळातल्या बऱ्याच युरोपियन गाड्यांत मेगॅमॉस क्रिप्टो नावाची चिप असे. नेदरलँड्समधल्या राडबाउड विद्यापीठाचे रूल व्हर्डल्ट आणि बारिश एगे, आणि बर्मिंगहॅमचे फ्लाव्हिओ गार्सिया या तिघांनी तिची सांकेतिक पद्धत फोडता येते हे दाखवून दिलं. फोक्सवॅगनने २०१३ मध्ये लंडनच्या हायकोर्टातून त्यांच्या शोधनिबंधावर मनाई आणली. दोन वर्षं तो अडकून राहिला आणि २०१५ मध्ये एक वाक्य गाळून प्रसिद्ध झाला. ही चिप वापरणाऱ्या गाड्यांच्या यादीत ऑडी आणि पोर्श दोन्ही होत्या. तेव्हा महागडी गाडी आहे म्हणून चावीची नक्कल होणारच नाही, या भरवशावर राहू नका.

शोरूममध्ये मागवलेली चावी तुमच्या चासी नंबरवर येते, पातं त्या नंबरनुसार कापलेलं असतं. पोर्शच्या टेस्टरला, म्हणजे गाडीला जोडून तिची मेमरी वाचणाऱ्या यंत्राला, पिविस म्हणतात. त्यावर चावी गाडीला शिकवायची तर कंपनीकडून त्या गाडीचे कोड घ्यावे लागतात, आणि मालकी सिद्ध झाल्याशिवाय ते मिळत नाहीत. वेळ जातो तो इथे. जाताना उरलेली चावी बरोबर न्या, आणि आणखी कुठे तिसरी असेल तर तीही. फोक्सवॅगन-ऑडी घराण्याच्या अनेक गाड्यांत नवी चावी शिकवताना सगळ्या चाव्या एकाच बैठकीत परत शिकवाव्या लागतात. जी समोर नसेल ती आपोआप बाद होते. तुम्हाला तर तेच हवंय. पण पोर्शच्या माणसावर सोपवून मोकळे होऊ नका. जॉब कार्डवर स्पष्ट लिहून घ्या: 'हरवलेली चावी मेमरीतून काढणे आणि काम झाल्यावर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दाखवणे.'

ही संख्या तुम्ही आजवर बघितली नसेल, असं मला वाटतं. सेकंड हँड गाडी घेताना लोक रंगाची जाडी मोजतात, टायरचं वर्ष बघतात, सर्व्हिस रेकॉर्ड मागवतात. पण गाडीत किती चाव्या नोंदलेल्या आहेत, हे कुणीच विचारत नाही. आधीच्या मालकाने तुम्हाला दोन दिल्या आणि मेमरीत तीन निघाल्या, तर तिसरी कुणाकडे आहे हे आधी शोधायला हवं. सुपरकार घेणाऱ्या प्रत्येकाला मी पैसे द्यायच्या आधी हा आकडा काढून घ्यायला सांगतो. टेस्टर लावला की पाच मिनिटांचं काम आहे.

एक गोष्ट मात्र मेमरीतून काढल्यानेही सुटत नाही. बाद केलेल्या चावीचं पातं ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप अजून उघडतं. अलार्म वाजेल, इंजिन सुरू होणार नाही, पण आतली बॅग जाईल. चावी घाटात, जंगलात पडली असेल तर मी कुलूप बदलायला सांगत नाही. ती हॉटेलमध्ये, व्हॅले पार्किंगच्या टेबलावर किंवा तुमच्याच इमारतीच्या आवारात हरवली असेल, तर मात्र सांगतो. चावीच्या पाकिटात आरसीची झेरॉक्स होती का, हेही आठवून बघा. बरेच जण ती ठेवतात, आणि मग सापडणाऱ्याच्या हाती चावीबरोबर पत्ताही पडतो. तसं असेल तर कुलूप बदलण्याचा खर्च करा, कां-कूं करू नका.

आता पोलिसांचं. तुम्हाला चोरीचा संशय असेल तर एफआयआर करा. नुसती हरवली असेल तर पुणे आणि मुंबई पोलिसांच्या संकेतस्थळावर हरवलेल्या वस्तूची तक्रार घरबसल्या नोंदवता येते, तेवढी पुरते. ती आजच करा, आणि विमा कंपनीला ईमेलने कळवा. यामागचं कारण साधं आहे. पुढे कधी गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी सगळ्या मूळ चाव्या मागते. त्या वेळी 'एक आधीच हरवली होती' हे तोंडी सांगून भागत नाही, तारखेचा कागद लागतो. पॉलिसीत चावी बदलण्याचं ॲड-ऑन आहे का तेही बघा. असेल तर चावीचा, कोडिंगचा आणि बऱ्याचदा कुलपांच्या संचाचाही खर्च त्यात बसतो. मात्र आधी कळवून मगच ऑर्डर द्या.

आरसी अजून तुमच्या नावावर झाली नसेल तर आधी ते काम करा. या वर्गातल्या गाड्यांत हा घोळ फार. पासिंग पुदुच्चेरीचं किंवा झारखंडचं, नाव एखाद्या कंपनीचं, आणि चालवणारा तिसराच. कंपनीच्या नावावर असेल तर त्यांच्या लेटरहेडवर पत्र आणि सही करणाऱ्याचं ओळखपत्र लागेल.

परदेशी साइटवरून जुनी चावी स्वस्तात मागवून इथे कोड करून घ्यायचा विचार मनात असेल तर तो सोडा. अमेरिकेतल्या बऱ्याच रिमोटची फ्रीक्वेन्सी ३१५ मेगाहर्ट्झ असते, युरोपातल्या आणि आपल्याकडच्या गाड्यांची ४३३. बटणं दाबत बसाल, गाडीला ऐकूच जाणार नाही. त्यातून बऱ्याच चिपा एकदा एका गाडीला शिकवल्या की दुसऱ्या गाडीला शिकत नाहीत.

मग बाहेरच्या माणसाकडे कधीच जाऊ नये का? तसं नाही. जुनी बीएमडब्ल्यू किंवा २०१४ च्या आधीच्या बऱ्याच मर्सिडीज असतील तर आमच्यातले जाणकार नीट, नोंदीसह काम करतात. त्यानंतरच्या मर्सिडीजमध्ये एफबीएस ४ नावाची इमोबिलायझरची पद्धत आली, तिथे कंपनीकडेच जावं लागतं. बाहेरच्याकडे गेलातच तर तीन गोष्टी विचारा. क्लोन करणार की नवी नोंद? जुनी बाद होणार का? त्यासाठी गाडीचं मॉड्यूल, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सर्किटची पेटी, उघडून त्यावर सोल्डरिंग करणार का? तिसऱ्याचं उत्तर 'हो' असेल तर आधी मूळ डेटाची प्रत काढून ती तुमच्या हाती द्यायला सांगा. सोल्डरिंगमध्ये मॉड्यूल गेलं तर चावीच्या कितीतरी पट खर्च बसतो. आणि तुमच्याकडे आरसी न मागणाऱ्याला गाडीला हातही लावू देऊ नका.

तुमच्या हातात एक चालू चावी आहे, तोवर हे सगळं सोपं आहे. तीही गेली तर स्टीअरिंग लॉक झालेली, जमिनीपासून वीतभर उंचीची गाडी फ्लॅटबेड ट्रकवर चढवून शोरूमला न्यावी लागते, आणि पुढचा सगळा वेळ ती तिथेच उभी राहते. म्हणून नवी येईपर्यंत ही चावी व्हॅलेवाल्याला देऊ नका आणि गावाबाहेर नेऊ नका. इटालियन जुन्या गाड्यांत तर आणखी कठीण. नव्वदच्या दशकातल्या फियाट आणि आल्फा रोमिओंना नव्या चाव्या शिकवण्यासाठी एक मास्टर चावी येत असे. ती हरवली की इमोबिलायझर आणि इंजिनचा कॉम्प्युटर बदलण्याची पाळी येई. फेरारी ३५५ च्या रिमोटमध्येही तीच रीत होती, दोन काळे आणि एक लाल, म्हणजे मास्टर. अशी गाडी कुणी विकायला आणली आणि लाल रिमोट दाखवला नाही, तर किंमत त्या हिशेबाने पाडून मागावी.

अजून एक, कारण पावसाळ्यात माझ्याकडे अशा गाड्या येतात. हातातली चावीही मध्येच काम करेनाशी झाली तर लगेच दुसरी मागवू नका. आधी सेल बदला, बहुतेक चाव्यांत सीआर २०३२ असतो. मग गाडीची बॅटरी तपासा. या गाड्या आठवडेच्या आठवडे उभ्या असतात आणि बॅटरी उतरते. बॉक्स्टरमध्ये बॅटरी पुढच्या डिकीत आहे आणि ती डिकी विजेवर उघडते, त्यामुळे लोक घाबरतात. पात्याने दार उघडा. आत पायाशी फ्यूजबॉक्स आहे, त्यातलं लाल टर्मिनल बाहेर ओढून त्याला बाहेरून १२ व्होल्ट दिले की डिकी उघडते. पद्धत मॅन्युअलमध्ये आहे, तेवढं पान वाचून मगच करा. तुमच्या आधीच्या पिढीच्या बॉक्स्टरमध्ये, म्हणजे २००४ पर्यंतच्या, अलार्म आणि इमोबिलायझरचं मॉड्यूल सीटखाली असतं. छताच्या पाणी निघायच्या नळ्या पाल्याने तुंबल्या की पाणी आत उतरून तिथे साचतं आणि दोष चावीवर जातो. तुमच्या गाडीच्या नळ्याही जूनच्या आधी साफ करून घ्या.

नवी चावी आली की ती तिजोरीत टाकून विसरू नका. दोन-तीन महिन्यांतून एकदा तिनेच गाडी काढा, म्हणजे सेल आणि चिप दोन्ही चालू असल्याची खात्री राहील. पात्याचा कोड आणि चावीसोबत आलेलं लेबल यांचा फोटो काढून ठेवा, पण तो गाडीत किंवा चावीच्या पाकिटात नको. ऑर्डर देताना शोरूमने चासी नंबर टाकून आलेलं कोटेशन लेखी द्यावं, आणि त्यात चावी, कोडिंगची मजुरी आणि जीएसटी वेगवेगळे दाखवावेत, असा आग्रह धरा. विमा कंपनी तेच मागेल.