झिंक, बायोटिन, बी-कॉम्प्लेक्स सगळं घेऊनही पिंपल्स जात नाहीत, मैत्रिणीची आयसोट्रेटिनॉइनची गोळी मेडिकलमधून आणून सुरू करू का?

आधी सरळ उत्तर देते. नको. मैत्रिणीची गोळी स्वतःच्या मनानं सुरू करू नकोस, का नको ते खाली सविस्तर सांगते. तू २१ वर्षांची, सोलापूरची, चार वर्षं पिंपल्स, पोटात झिंक, बायोटिन आणि बी-कॉम्प्लेक्स, रात्री चेहऱ्याला व्हिटॅमिन ईची कॅप्सूल, आणि तरी गाल आणि हनुवटी भरलेलीच, असं लिहिलंयस. ते वाचून पोटात कालवलं माझ्या, कारण हॉस्टेलला असताना माझ्या ड्रॉवरमध्ये अगदी याच स्ट्रिप पडलेल्या असायच्या. म्हणून सरळ "तू" म्हणतेय, राग मानू नकोस. मी डॉक्टर नाही, जे माझ्या चेहऱ्यावर झालं आणि नंतर विचारून, वाचून जे समजलं तेवढंच लिहितेय.

मी मूळची सांगलीची. दहावीच्या सुट्टीत सुरू झालं. आजी दुधात जायफळ उगाळून लावायची, आई म्हणायची वयाचं आहे, लग्न झालं की जातात आपोआप, आणि कुठल्याही कार्याला गेलं की कुणी ना कुणी मावशी नाहीतर काकू हनुवटीला हात लावून "अगं चेहऱ्याचं काय करून घेतलंस" म्हणायचीच. जायफळ, मुलतानी माती, लिंबू, टूथपेस्ट यात तीन वर्षं गेली. लिंबू लावून उन्हात गेले आणि गालावर काळा चट्टा पडला तो वर्षभर होता, तेवढं एक लक्षात ठेव, लिंबू नको.

मग पुण्याला इंजिनिअरिंगला आले आणि गोळ्या सुरू झाल्या. सेकंड इयरला सारखा थकवा, पायाला मुंग्या, म्हणून फॅमिली डॉक्टरांनी बी-१२ तपासायला सांगितलं, ते १४० आलं, म्हणजे कमी. आमच्या घरात अंडंसुद्धा चालत नाही त्यामुळे नवल नव्हतं. आधी इंजेक्शनं, मग १५०० मायक्रोग्रॅमची मिथाइलकोबालामिनची, म्हणजे बी-१२चीच, गोळी. ती गरजेची होती, मुंग्या गेल्या, त्याबद्दल काहीच तक्रार नाही माझी. पण कोर्स तीन महिन्यांचा होता आणि मी ती गोळी वर्षभर खात राहिले, व्हिटॅमिनच तर आहे, जास्तीचं लघवीतून निघून जातं असं सगळेच म्हणतात. त्यात रूममेटनं सांगितलं म्हणून केसांसाठी बायोटिनच्या गमीज, त्यातही बी-१२, आणि मेडिकलवाल्यानं ताकदीसाठी म्हणून दिलेलं बी-कॉम्प्लेक्स, त्यातही बी-१२. माणसाला दिवसाला साधारण २.४ मायक्रोग्रॅम पुरतं, आता तूच हिशोब कर.

त्या वर्षात जे आले ते पिंपल्स आधीच्यापेक्षा वेगळे होते, सगळे एकाच मापाचे, लालसर, बारीक, कपाळावर, जबड्याच्या कडेनं, छातीवर आणि पाठीवरसुद्धा, ब्लॅकहेड्स फारसे नाहीत. मला वाटायचं मेसचं खाणं बाधतंय, उष्णता झालीय, म्हणून मी सब्जा प्यायचे आणि वर अजून एक व्हिटॅमिन वाढवायचे.

शेवटी एका स्किनच्या डॉक्टरांकडे गेले, तिथे खरा फरक पडला. बाईंनी चेहरा बघायच्या आधी सांगितलं, पुढच्या वेळी येताना पोटात जातं ते आणि चेहऱ्याला लागतं ते सगळं एका पिशवीत भरून आण. मी आणलं. टेबलावर नऊ वस्तू निघाल्या. त्यांनी एकेक उचलून एकच प्रश्न विचारला, ही कधी सुरू केलीस? मला एकाही वस्तूची तारीख सांगता आली नाही. म्हणजे कशानं बरं वाटतंय आणि कशानं बिघडतंय हे कळायचा मार्गच मी स्वतःच्या हातानं बंद केला होता. त्या दिवसापासून आजपर्यंत मी नवीन काहीही सुरू केलं की स्ट्रिपवर पेननं तारीख लिहिते, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलते.

बी-१२ परत तपासलं तर लॅबच्या वरच्या मर्यादेच्या पलीकडे होतं. फॅमिली डॉक्टरांना विचारून गोळी बंद केली, गमीज आणि बी-कॉम्प्लेक्सही बंद, आणि पाच-सहा आठवड्यांत छाती-पाठीवर नवीन येणं थांबलं. चेहऱ्यावरचे जुने राहिले पण ते बारीक लाल येईनात. नंतर वाचलं की २०१५ साली कॅलिफोर्नियातल्या यूसीएलएच्या संशोधकांनी यावर काम केलंय. बी-१२ भरपूर मिळालं की त्वचेवरचे पिंपल्सचे जिवाणू स्वतः बी-१२ बनवणं कमी करतात आणि पॉर्फिरिन नावाचा पदार्थ जास्त बनवायला लागतात, त्यानं त्वचेला सूज येते, असं त्यांना दिसलं. सगळ्यांना होतं असं अजिबात नाही, त्यात १० जणांना इंजेक्शन दिलं होतं आणि एकालाच पिंपल्स आले. आणि हे वाचून तुझं बी-१२ खरंच कमी असेल तर घाबरून गोळी सोडू नकोस हं, नसांचं नुकसान पिंपल्सपेक्षा कितीतरी वाईट. फक्त कमी नसताना, कुणी न सांगता वर्षानुवर्षं खाऊ नकोस.

आता झिंक. झिंकचा थोडाफार उपयोग होतो असं काही अभ्यासांत दिसलंय, सूज कमी करतं, पण मूळ औषधाची जागा घेण्याएवढं ते नाही. मी सकाळी उपाशीपोटी घ्यायचे आणि लेक्चरला जाईपर्यंत मळमळून यायचं, जेवणानंतर घ्यायचं असतं हे सांगितलंच नव्हतं कुणी. फार दिवस जास्त डोस घेतला तर शरीरातलं तांबं कमी होतं हा अजून एक धोका. पण माझ्या बाबतीत झिंकनं केलेला खरा घोटाळा वेगळाच आहे आणि तो मला तुला मुद्दाम सांगायचाय. स्किनच्या डॉक्टरांकडे जायच्या आधी एका जनरल डॉक्टरांनी मला डॉक्सिसायक्लिन १०० एमजी दिली होती, पिंपल्ससाठी देतात ती अँटिबायोटिक. मी ती झिंकच्या गोळीसोबत आणि वर ग्लासभर दुधाबरोबर घ्यायचे, कारण अँटिबायोटिक गरम पडते, दुधासोबत घे, असं आईचं म्हणणं. झिंक, लोह, कॅल्शियम, अ‍ॅसिडिटीच्या गोळ्या, दूध, हे सगळं पोटात डॉक्सीला धरून ठेवतं आणि ती रक्तात नीट जातच नाही. दीड महिना मी अशी खाल्ली आणि मग "मला डॉक्सी लागू पडत नाही" असं पुढच्या प्रत्येक डॉक्टरला सांगत सुटले. तू झिंक घेतेयस म्हणून सांगते, उद्या तुला डॉक्सी दिली तर दोन्हींत काही तासांचं अंतर ठेव, नाहीतर झिंक बंदच कर तेवढे दिवस. आणि डॉक्सी ग्लासभर पाण्यासोबत घ्यायची, घेऊन लगेच आडवं व्हायचं नाही. मी एका घोटात गिळून झोपले होते, अन्ननलिकेला लागून चार दिवस थुंकी गिळताना कळ यायची. ऊनही बाधतं त्या गोळीनं, आणि सोलापूरचं ऊन तुला मी काय सांगावं, सनस्क्रीन लावच.

मला मूळ फरक कशानं पडला विचारशील तर अडापलीन ०.१ टक्के जेल रात्री आणि बेंझॉइल पेरॉक्साइड २.५ टक्के सकाळी. दोन्ही फार महाग नाहीत आणि दोन्हींत व्हिटॅमिनची जाहिरात नाही. अडापलीन तुरीच्या दाण्याएवढं, पूर्ण चेहऱ्याला, कोरड्या चेहऱ्यावर, पहिले दोन आठवडे दिवसाआड, वर मॉइश्चरायझर. पहिल्या महिन्यात चेहरा सोलतो आणि पिंपल्स उलट वाढल्यासारखे वाटतात, मी तिसऱ्या आठवड्यात रडून बंद करायला निघाले होते, बाईंनी फोनवर समजावलं की त्वचेच्या आत आधीच तयार होत असलेले बाहेर येतायत, १२ आठवडे झाल्याशिवाय निकाल लावू नकोस. खरंच दहाव्या आठवड्यानंतर आरशात फरक दिसायला लागला. पेरॉक्साइडनं उशीचे अभ्रे आणि टॉवेल पांढरे पडतात, जुने वापर.

तरी हनुवटीखालच्या मोठ्या, दुखऱ्या गाठी राहिल्या, त्यांचे खड्डे पडायला लागले, म्हणून मग मलाही आयसोट्रेटिनॉइन दिलं. त्यामुळे ही गोळी वाईट आहे असं मी म्हणत नाहीये, माझा चेहरा त्याच गोळीनं पूर्ण साफ झाला. १९८२ पासून वापरात आहे. पण ती सुरू करायच्या आधी माझं काय काय झालं ते ऐक. लिव्हरची आणि कोलेस्टेरॉल-ट्रायग्लिसराइडची रक्ततपासणी, ती मधे परत दोनदा. प्रेग्नन्सी टेस्ट, लग्न झालेलं नसतानाही, आणि बाईंनी दार लावून स्पष्ट विचारलं, कारण या गोळीवर असताना दिवस राहिले तर बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं, गोळी बंद केल्यावरही महिनाभर थांबावं लागतं. लाजून खोटं सांगू नकोस तिथे. त्याच कारणानं गोळी चालू असताना आणि नंतर महिनाभर रक्त द्यायचं नाही, कॉलेजच्या रक्तदान शिबिरात मी नाही म्हटलं तर सगळे विचारत होते. डोस वजनावर ठरतो. मी ५० किलो, किलोला १२० एमजी धरले की पूर्ण कोर्स ६००० एमजी, रोज २० एमजी म्हणजे ३०० दिवस. मैत्रिणीचं वजन, तिचे रिपोर्ट, तिची गोळी, त्याचा तुझ्याशी संबंध नाही. ओठ इतके फुटतात की व्हॅसलीन खिशात ठेवावं लागतं, नाकाचा घोळणा फुटतो, वॅक्सिंग केलं तर कातडी निघते. मन उदास व्हायला लागलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचं, अंगावर काढायचं नाही. डॉक्सी आणि ही गोळी एकत्र कधीच नाही, डोक्यातला दाब वाढू शकतो.

आणि तुझ्यासाठी सगळ्यात महत्त्वाचं, ही गोळी म्हणजे व्हिटॅमिन एचंच एक रूप आहे. हिच्यासोबत व्हिटॅमिन ए असलेलं मल्टिव्हिटॅमिन किंवा कॉड लिव्हर ऑइलच्या कॅप्सूल घेतल्या तर दोन्ही मिळून लिव्हरवर येतं. तू पोटात इतकं काय काय घेतेयस त्यात ती मनानं मिसळणं मला फार धोक्याचं वाटतं.

बायोटिननं पिंपल्स जातात याला काही आधार मला सापडला नाही. उलट त्यानं रक्ताचे रिपोर्ट चुकतात, अमेरिकेतल्या औषधांवर देखरेख ठेवणाऱ्या एफडीएनं २०१७ मध्ये तसा इशारा दिलाय, थायरॉइडचे आकडेसुद्धा चुकीचे येऊ शकतात. हे तुझ्या कामाचं आहे, कारण तू लिहिलंयस की पाळी दोन-दोन महिने येत नाही आणि हनुवटीवर केस येतायत. तसं असेल तर पीसीओएससाठी, म्हणजे हार्मोन्सच्या बिघाडानं पाळी अनियमित होते त्या त्रासासाठी, सोनोग्राफी आणि हार्मोन्स तपासायला सांगतील, मग तपासणीच्या आधी बायोटिन किती दिवस बंद ठेवायचं ते विचारून घे. पीसीओएस निघालं तर त्याची औषधंच वेगळी असतात, झिंकनं ते हलणार नाही.

अजून एक, तू लिहिलं नाहीयेस पण विचारते, मेडिकलमधून कुठलं गोरं करणारं क्रीम घेतलंयस का कधी? मी घेतलं होतं. चार दिवसांत चेहरा काचेसारखा झाला, तीन महिन्यांनी लाल, जळजळणारा, उन्हात उभं राहता येईना. त्यात बीटामेथासोन होतं, म्हणजे स्टेरॉइड. २०१८ मध्ये सरकारनं अशी बरीच क्रीम्स चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली तरी सर्रास मिळतात. ट्यूबवर बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन यातलं काही दिसलं तर डॉक्टरांना आधी तेच दाखव, अचानक सोडलं तरी चेहरा भडकतो.

पैशाचा प्रश्न असेल तर तुमच्याकडे सिव्हिलला, वैशंपायन मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलमध्ये, त्वचारोगाचा विभाग आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. सकाळी लवकर जा. पिशवी भरून घेऊन जा, रिकाम्या झालेल्या स्ट्रिपसुद्धा, बी-१२चा जुना रिपोर्ट असेल तर तोही, आणि पाळीच्या गेल्या सहा महिन्यांच्या तारखा एका कागदावर लिहून ने, तिथे गर्दीत आठवत नाही. ईची कॅप्सूल चेहऱ्याला लावणं मात्र आज रात्रीपासूनच थांबव, ती घट्ट आणि तेलकट असते, काहींना तिची अ‍ॅलर्जीही येते, तिच्यासाठी डॉक्टरांची वाट बघायची गरज नाही.