चकल्या कशा झाल्या, हे विचारलंत का?

प्रश्न : ताई, मी डोंबिवलीत चार वर्षांपासून घरी भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला करून विकते. नेहमीची साठेक घरं आहेत. भाच्याने इन्स्टाग्रामवर पेज काढून दिलं, नऊशे फॉलोअर झाले, पण ऑर्डरी होत्या तेवढ्याच राहिल्या. आता एक जाहिरातवाले महिना पंधरा हजार मागताहेत. गेल्या दिवाळीत आठ-दहा नव्या बायकांनी चकलीची भाजणी नेली, त्यातली एकही परत फिरकली नाही. जाहिरातीवर पैसे घालावेत का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : नका घालू. निदान या वर्षी तरी नको. तुमच्या पत्रातली मोलाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहून गेलात. आठ-दहा जणी भाजणी घेऊन गेल्या आणि फिरकल्या नाहीत. दिवाळीनंतर त्यांना फोन करून ‘चकल्या कशा झाल्या?’ एवढं विचारलंत का?

सांगलीत मसाल्याचं काम सुरू केल्यावर मीही विचारत नव्हते. मिरजेच्या एक काकू दोन किलो भाजणी घेऊन गेल्या आणि पुढच्या वर्षी आल्याच नाहीत. पुढे एका हळदीकुंकवाला भेटल्या, तेव्हा मीच विषय काढला. आधी टाळाटाळ केली, मग हळूच म्हणाल्या, ‘अहो, तुमच्या चकल्या तेलात विरघळल्या.’ मोहन किती घातलंत विचारलं, तर खुसखुशीत व्हाव्यात म्हणून त्यांनी अंदाजाने भरपूर ओतलं होतं. दुसऱ्या दिवशी मी भाजणी घेऊन त्यांच्या घरी गेले. चार वाट्या भाजणीला पाव वाटी कडकडीत तेल, तीळ, तिखट, मीठ, ओवा आणि उकळतं पाणी. झाकून ठेवलं, मग हाताला पाणी लावत चांगलं मळून घेतलं. पहिला घाणा निघाला तेव्हा काकूंनी एक चकली मोडून आतली नळी मला दाखवली. तो चेहरा मी विसरलेले नाही. पुढे त्यांच्या दोन बहिणी आणि जाऊबाईही माझ्याकडूनच भाजणी नेऊ लागल्या.

चकली बिघडली की बाई भाजणीला नावं ठेवते आणि तुम्हाला सांगायला संकोचते. सोऱ्यातून पाडताना तुटली तर पीठ घट्ट राहिलं किंवा कमी मळलं गेलं. विरघळली तर मोहन जास्त झालं. दुसऱ्या दिवशी मऊ पडली तर मोठ्या आचेवर घाईने तळली, आतून कच्ची राहिली. हे तुम्हाला ठाऊक आहे, त्यांना नाही. मी तेव्हापासून प्रत्येक पुड्यात प्रमाणाची चिठ्ठी घालते. त्यावर दळल्याची तारीख आणि माझा नंबर असतो, आणि खाली लिहिलेलं असतं : ‘पीठ भिजवताना अडलं तर तेव्हाच फोन करा.’ धनत्रयोदशीच्या आधी माझा फोन दिवसभर वाजतो, आणि मी प्रत्येक उचलते.

जाहिरात मीही करून पाहिली आहे. २००९ मध्ये वर्तमानपत्रातून चार हजार पत्रकं वाटली. अकरा फोन आले, त्यातले बहुतेक फक्त भाव विचारणारे. त्या पैशांत तेव्हा ब्याडगी मिरचीचं अर्धं पोतं आलं असतं.

साठ घरं म्हणजे थोडी नाहीत हो. एक दोनशे पानी वही घ्या आणि घरटी एक पान करा. काय नेलं, कधी नेलं, काय म्हणाल्या, सगळं लिहा. माझ्या वहीत एका पानावर आहे, ‘सासऱ्यांना तिखट चालत नाही, मेतकुटात सुंठ जास्त.’ दुसऱ्यावर, ‘चातुर्मास पाळतात.’ त्या घरी आषाढी ते कार्तिकी मी कांदा-लसूण मसाल्याचं नावही काढत नाही, श्रावणाच्या आधी उपासाची भाजणी मात्र विचारते. ज्यांची मुलगी शिकायला पुण्याला आहे, त्यांना जूनमध्ये मेतकूट आणि शेंगदाण्याच्या चटणीचं विचारते. हे कुठल्याही जाहिरातवाल्याला माहीत नसतं, आणि पंधरा हजार देऊन त्याला सांगण्यासारखंही नाही.

व्हॉट्सअ‍ॅप जरूर वापरा, पण गिऱ्हाइकांचा ग्रुप करू नका. एकीचा नंबर उगाच पन्नास अनोळखी लोकांपुढे जातो. ब्रॉडकास्ट लिस्ट करा, म्हणजे एकच मेसेज प्रत्येकीला वेगवेगळा जातो. एका लिस्टमध्ये २५६ नंबर बसतात, तुम्हाला ते पुष्कळ आहेत. मात्र ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो, म्हणून पुडा हातात देतानाच सेव्ह करायला सांगा. मी एक वर्ष रोज सुप्रभातची चित्रं पाठवत होते. लोकांनी मला म्यूट केलं आणि चकलीच्या भाजणीचा मेसेजही वाचायचा राहिला. आता महिन्यातून एकदाच पाठवते, आणि तेही काही सांगण्यासारखं असेल तरच. चैत्रात गच्चीवर मिरच्या वाळत घातल्या की मोबाइलने साधा फोटो काढते आणि लिहिते, ‘मसाला पंधरा दिवसांत तयार होईल, किती ठेवू?’ त्या एका फोटोवर निम्मा मसाला बोलला जातो. भाव वाढवायचा असेल तेव्हाही धने-मिरची कितीला घेतली ते आधीच कळवते. त्यावरून कुणी कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

भाच्याचं पेज बंद करू नका, पोराने हौसेने केलंय. कुणी नाव शोधत आलं तर फोटो आणि भाव दिसू देत. त्याला म्हणावं, गूगल मॅप्सवरही नोंद करून दे, तिला पैसे पडत नाहीत. पुड्यावर तुमचा चौदा आकडी एफएसएसएआय नंबर (अन्नसुरक्षेच्या सरकारी नोंदणीचा) नसेल तर मात्र ते काम सगळ्यांत आधी करा.

आणि त्या आठ-दहा जणींना आता उशीर झाला म्हणून सोडून देऊ नका. एकेकीला फोन लावा, आधी त्यांचं सगळं ऐकून घ्या, भाजणीची बाजू लगेच मांडू नका. ज्यांचं बिघडलं असेल त्यांच्याकडे पाव किलो भाजणी आणि चिठ्ठी पोचवा, पैसे घेऊ नका. एखादी जवळच राहत असेल तर सोऱ्या घेऊन स्वतः जा.