होस्टिंग बदलायचं तर डोमेनही ट्रान्सफर करावं लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मसाल्याचा घरगुती व्यवसाय आहे, डॉट कॉम वेबसाइट पाच वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका मुलाने करून दिली, आता होस्टिंग महाग पडतंय. नवी कंपनी म्हणते, "डोमेनही आमच्याकडे ट्रान्सफर करा." ते करावं का, आणि साइट किती दिवस बंद राहील?

करावं लागत नाही. तुमच्या जागी मी असतो तर आत्ता तरी केलंही नसतं. डोमेन (साइटचं नाव) एका कंपनीकडे आणि होस्टिंग (साइट ठेवायची भाड्याची जागा) दुसरीकडे, असं वर्षानुवर्षं सुखाने चालतं. माझ्या स्वतःच्या साइटचं तसंच आहे. नवी कंपनी आग्रह धरते कारण डोमेन एकदा त्यांच्याकडे गेलं की गिऱ्हाईक सहसा हलत नाही. पहिल्या वर्षाचा भाव बघून भुलू नका, रिन्यूअलचा भाव विचारा. तो वेगळा असतो आणि खाली बारीक अक्षरात असतो.

पण त्याआधी एक गोष्ट तपासा, कारण तुमच्या प्रश्नातली खरी काळजीची बाब मला "ओळखीतल्या मुलाने" या शब्दांत दिसते. जमीन कसणारा एक आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, ही भानगड आपल्याकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही. डोमेनचंही तसंच असतं. पैसे तुम्ही भरता, पण ते घेताना त्या मुलाने स्वतःच्या अकाउंटमधून, स्वतःचा ईमेल टाकून घेतलं असेल तर रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, लेखी मालक तोच. त्यात बहुतेक वेळा लबाडी नसते. दहा गिऱ्हाइकांची डोमेनं एकाच अकाउंटमध्ये ठेवणं सोयीचं पडतं, एवढंच. पण उद्या तो नोकरीसाठी बंगळूरला गेला आणि रिन्यूअलचे मेल त्याच्या जुन्या, कधीच न उघडलेल्या इनबॉक्समध्ये पडत राहिले, तर फटका तुम्हाला बसणार.

पूर्वी हे 'हू इज'मध्ये, म्हणजे डोमेनमालकांच्या जाहीर नोंदवहीत, सरळ दिसायचं. २०१८ मध्ये युरोपचा खाजगी माहितीचा कायदा आला, तेव्हापासून बहुतेक ठिकाणी मालकाचं नाव झाकलेलं असतं. रजिस्ट्रार कोण आणि मुदत कधी संपते एवढं मात्र आयकॅन या डोमेनची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेच्या लुकअप पानावर आजही दिसतं. ते बघा आणि मग त्या मुलाला प्रेमाने फोन करा. ट्रान्सफर मागू नका. त्याच रजिस्ट्रारकडे स्वतःच्या नावाचं अकाउंट उघडा आणि त्याला सांगा, "डोमेन माझ्या अकाउंटला पुश कर," म्हणजे त्याच कंपनीत तुझ्या अकाउंटमधून माझ्यात सरकव. बऱ्याच रजिस्ट्रारकडे हे दहा मिनिटांचं काम आहे, सहसा पैसेही पडत नाहीत. झाल्यावर आत जाऊन नाव, ईमेल, मोबाइल तुमचाच आहे ना ते बघा. ईमेल बदलल्यावर पडताळणीची लिंक येते, ती दाबायला विसरू नका. पंधरा दिवसांत पडताळणी झाली नाही तर रजिस्ट्रार डोमेन थांबवू शकतो, आणि चांगली चालती साइट एका सकाळी गायब झालेली दिसते.

आता होस्टिंग. इथे मी एकदा चांगलाच तोंडावर आपटलोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नाशिककडचे एक द्राक्ष निर्यातदार माझे गिऱ्हाईक. ऐन फेब्रुवारीत, माल निघायच्या दिवसांत, त्यांची साइट मी नव्या होस्टवर हलवली. फाइल्स नेल्या, डेटाबेस नेला, नेमसर्व्हर (डोमेनच्या नोंदी ठेवणारे सर्व्हर) बदलले. साइट उघडली, मस्त चालली, मी झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांचा फोन: "अहो, नेदरलँड्सच्या पार्टीचा मेल परत जातोय म्हणे." त्या पार्टीने पाठवलेल्या स्क्रीनशॉटवर ओळ होती, '५५० नो सच यूजर हिअर'. म्हणजे, या नावाचं इथे कुणी राहत नाही. त्यांचा मेल वेबसाइटच्या सर्व्हरवर नव्हताच, गूगलकडे होता. तो रस्ता दाखवणाऱ्या एमएक्सच्या नोंदी जुन्या होस्टच्या डीएनएसमध्ये, म्हणजे डोमेनचा पत्ता सांगणाऱ्या नोंदवहीत, होत्या. मी नेमसर्व्हर बदलले आणि त्या नोंदी मागेच राहिल्या. नव्या होस्टच्या सीपॅनेलने (होस्टिंग सांभाळायच्या पॅनेलने) आपणहून 'मेलही माझ्याकडेच' अशी नोंद करून टाकली होती. जवळजवळ अठरा तासांचे मेल उलटे गेले. शेठ ओरडले नाहीत, हेच जास्त लागलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. काहीही हलवण्याआधी जुन्या डीएनएस झोनचे सगळे स्क्रीनशॉट काढायचे. ए (साइटच्या सर्व्हरचा आकडी पत्ता, म्हणजे आयपी), सीनेम (दुसऱ्या नावाकडे बोट दाखवणारी नोंद), एमएक्स आणि विशेषतः टीएक्सटी (मजकुराच्या नोंदी), कारण मेल खरंच तुमचाच आहे हे समोरच्याला पटवणारे एसपीएफ आणि डीकेआयएम सहसा तिथेच असतात. ते राहिले की मेल जातो पण समोरच्याच्या स्पॅममध्ये पडतो, आणि तुम्हाला महिनाभर कळतही नाही. मेल बाहेर असेल तर सीपॅनेलमधलं ईमेल राउटिंग 'रिमोट' करायचं, नाहीतर साइटवरच्या चौकशीच्या फॉर्मचे मेल सर्व्हर स्वतःलाच देत बसतो. आणि तुमचा मेल जुन्या होस्टिंगवरच असेल, तर मेलबॉक्स आधी नव्या जागी उघडून जुने मेल आयमॅपने (सर्व्हरवरचे मेल वाचायच्या पद्धतीने) ओढून घ्या. होस्टिंग बंद केल्यावर ते परत मिळत नाहीत.

साइट बंद राहते का? नीट केलं तर नाही. तुमचा डीएनएस रजिस्ट्रारकडे किंवा क्लाउडफ्लेअरसारख्या तिसऱ्याकडे असेल तर नेमसर्व्हरला हातच लावायचा नाही, फक्त ए रेकॉर्डमधला आयपी बदलायचा. आदल्या दिवशी त्याचा टीटीएल, म्हणजे इतर सर्व्हर ती नोंद किती वेळ लक्षात ठेवतात तो काळ, ३०० सेकंदांवर आणून ठेवा. सीपॅनेलमध्ये तो मुळात १४४०० असतो, म्हणजे चार तास. ३०० केला की बहुतेकांना पाच-दहा मिनिटांत नवी साइट दिसू लागते.

डीएनएस जुन्या होस्टकडेच असेल तर नेमसर्व्हर बदलणं भाग आहे. "चोवीस ते अठ्ठेचाळीस तास लागतात" असं सगळे सांगतात, ते इथे खरं ठरतं. त्यामागे काही गूढ नाही. डॉट कॉमच्या रजिस्ट्रीकडे (सगळ्या डॉट कॉमची मूळ यादी ठेवणाऱ्या संस्थेकडे) तुमच्या नेमसर्व्हरची जी नोंद असते तिचा टीटीएल १,७२,८०० सेकंद, म्हणजे बरोबर दोन दिवस. तो तुमच्या हातात नाही. म्हणून दोन दिवस काही लोक जुन्या सर्व्हरवर जाणार, काही नव्या, हे धरूनच चाला आणि दोन्हीकडे साइट चालू ठेवा. साइटवर ऑर्डर घेत असाल तर जुन्या बाजूला तेवढ्यापुरतं 'ऑर्डर बंद, फोन करा' असं लावा. नाहीतर गरम मसाल्याची एखादी ऑर्डर जुन्या डेटाबेसमध्ये जाऊन बसेल आणि गिऱ्हाईक आठ दिवसांनी विचारेल, पार्सल कुठंय?

बदल करण्याआधी नवी साइट आपल्यापुरती बघताही येते. विंडोजमध्ये 'होस्ट्स' नावाची एक फाइल असते. नोटपॅड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून तिच्यात एक ओळ लिहायची: नव्या सर्व्हरचा आयपी, एक जागा सोडून तुमचं डोमेन. जगाला जुनी साइट दिसते, तुमच्या कॉम्प्युटरला नवी. सगळी पानं, फोटो, फॉर्म बघून घ्या आणि काम झालं की ती ओळ काढा. मी एकदा काढायची विसरलो होतो आणि पुढे अर्धा दिवस, साइट बंद असल्याची तक्रार करणाऱ्या माणसाशी वाद घालत होतो. माझ्या स्क्रीनवर ती अगदी टकाटक चालत होती. बरोबर तोच होता.

कुलपाचं चिन्ह, म्हणजे एसएसएल, बहुतेक होस्टवर लेट्स एन्क्रिप्टकडून फुकट मिळतं. पण साधारणपणे डोमेन नव्या सर्व्हरकडे वळल्यावरच ते निघतं, त्यामुळे थोडा वेळ ब्राउझरने 'सुरक्षित नाही' म्हटलं तर घाबरू नका. तासाभरात आलं नाही तर मात्र होस्टकडे तक्रार (तिकीट) टाका.

एवढं करूनही डोमेन हलवायचंच असेल, कारण रिन्यूअल खरंच महाग आहे किंवा जुन्या कंपनीत फोन कुणी उचलत नाही, तर होस्टिंगचं काम संपल्यावर, निवांत करा. डॉट कॉमसाठी रीत अशी: जुन्या पॅनेलमध्ये लॉक काढायचं, ऑथ कोड (डोमेन हलवायचा परवलीचा शब्द) मागायचा, तो नव्या रजिस्ट्रारकडे देऊन एका वर्षाचे पैसे भरायचे. ते वर्ष वाया जात नाही, असलेल्या मुदतीत मिळवलं जातं, मात्र एकूण दहा वर्षांच्या वर नाही. जुनी कंपनी पाच दिवस गप्प बसली तरी ट्रान्सफर होतं. डोमेन नवं घेतल्यावर किंवा एकदा हलवल्यावर साठ दिवस पुन्हा हलत नाही. मालकाचं नाव बदलल्यावरही बऱ्याच ठिकाणी असंच कुलूप लागतं, तेव्हा नाव दुरुस्त करण्याआधी तुमच्या रजिस्ट्रारला एवढं विचारून घ्या.

मुदत संपायला आठ-दहा दिवस उरले असतील तर ट्रान्सफरच्या नादी न लागता आधी आहे तिथेच रिन्यू करा. मुदत उलटल्यावर रजिस्ट्रारच्या मर्जीनुसार काही दिवस नेहमीच्या भावात परत मिळतं, फार तर पंचेचाळीस. मग तीस दिवसांचा रिडम्प्शनचा काळ लागतो, त्यात दंड नेहमीच्या भावाच्या कितीतरी पट. त्यानंतर पाच दिवसांनी ते खुल्या बाजारात.

जुनं होस्टिंग लगेच बंद करू नका, महिनाभर राहू द्या. आणि ते बंद कराल तेव्हा जपून. डोमेन आणि होस्टिंग एकाच कंपनीकडे असेल तर दोघांची ऑटो रिन्यूची बटणं बऱ्याचदा एकाच पानावर, एकाखाली एक असतात. होस्टिंगचं बंद करा, डोमेनचं चालूच राहू द्या.